इवातोमारूचा खांदा

नागिरा योशिहारू दुकानात शिरला, की सात्सुएबाई काउंटरवरचा आपला चहाचा पेला उचलून मागच्या फळीवर ठेवायच्या. एकदा त्याच्या कोपरानं तो पेला कलंडला होता आणि चहा एका खोक्याच्या कोपऱ्यात मुरला होता. आतला रोबो कोरडा ठणठणीत होता. पण खोक्याला डाग पडला म्हणून किंमत निम्म्यावर आली.

"आतला माल जसाच्या तसा, आणि किंमत निम्मी?" नागिरा तेव्हा म्हणाला होता. "बाई, हा धंदा खेळण्यांचा आहे की पुठ्ठ्याचा?"

"पुठ्ठ्याचाच," सात्सुएबाई म्हणाल्या होत्या. "खेळणी काय, घरोघरी होती. पुठ्ठा कुणी जपला नाही. जे कुणी जपलं नाही, ते महाग."

ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या त्या बोळात जुन्या खेळण्यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. एका दुकानातलं गाणं संपायच्या आत शेजारचं कानावर आदळतं. सायकलवाले घंटी वाजवत माणसांतून वाट काढतात. कोपऱ्यावर ऑक्टोपसचे गोळे भाजणाऱ्याचा तवा दिवसभर चरचरत असतो, आणि त्या करपट वासावरून नागिराला कळायचं, की आता डावीकडे वळायचं. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. तामात्सुकुरीला त्याचा दोन खाटांचा दवाखाना होता. लोकांचं अंग रगडून द्यायचं आणि दुखऱ्या जागी सुया टोचायच्या, हा त्याचा पेशा. पन्नाशी ओलांडली होती, पोट जरा सुटलं होतं, पण अंगठे लोखंडाचे. मंगळवारी दवाखाना बंद असायचा, आणि मंगळवारी दुपारी तो कुठं असतो हे त्याच्या बायकोला विचारावं लागत नसे.

सात्सुएबाईंनी नवऱ्यामागं दुकान चालवायला घेतलं तेव्हा त्यांना रोबोंतलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकल्या. कुठल्या सालचं खोकं, कुठला छाप, कुठला कागद आत असायलाच हवा, सगळं पाठ केलं. आठवड्यात जो सुटा, बिनखोक्याचा माल यायचा, तो त्या नागिरासाठी एका मऊ फडक्यावर मांडून ठेवायच्या.

तो घाई करत नसे. आधी रोबो नुसता तळहातावर घेऊन थांबायचा. धातू किती गार आहे, आणि तो गारवा हाताच्या उबेपुढं किती वेळ तग धरतो. मग वजन कुठं आहे ते. पाय जड नसले तर रोबो उभा राहत नाही, नुसता टेकलेला असतो. मग साच्याचे दोन अर्धे जिथं भेटतात ती कड. चांगल्या कामात ती शोधावी लागते, भुक्कड कामात ती बोटाला कापते. शेवटी सांधे. प्रत्येक सांधा कानाशी नेऊन तो हळूच वळवायचा.

"हा कारकून आहे," एखाद्याबद्दल म्हणायचा. "हात वर कर म्हटलं की करतो, आणि आपण पाठ फिरवली की खाली टाकतो."

"आणि हा?"

"हा चांगल्या घरचा आहे. पण गुडघा कुणीतरी नंतर बदललाय. सावत्र गुडघा आहे."

"तुमची बोटं लागून रंग झिजतो, मास्तर. त्याचे वेगळे पैसे लावू का?"

"लावा. मग तुमचा खांदा दुखला की मीही वेगळे लावतो."

असं चालायचं. पण माल विकत घेताना सात्सुएबाई हल्ली डोळे मिटून रोबोचा खांदा एकदा फिरवून बघत. हे त्या कुणाला सांगत नसत.

आता खांद्याचंच का, तर त्याला कारण होतं.

नागिराचं लहानपण हिगाशी-ओसाकात गेलं, जिथं दर दुसऱ्या घरात काहीतरी कापलं, ठोकलं नाहीतर ओतलं जायचं. अंधशाळेच्या वसतिगृहात रविवारी संध्याकाळी पोरं टीव्हीभोवती बसून 'इवातोमारू' ऐकायची. समुद्रातून उठणारा, डोंगराएवढा लोखंडी राक्षस. भला राक्षस. तो चालला की टीव्हीची पेटी थरथरायची, आणि पोरं जमिनीवर तळहात टेकून ती थरथर अंगात घ्यायची.

पण डोंगराएवढा म्हणजे केवढा? नागिरा डोंगर चढला होता. त्याला डोंगर म्हणजे चढ, एवढंच ठाऊक होतं. आगगाडी म्हणजे एक दांडा आणि दोन पायऱ्या. किल्ला म्हणजे एक गार, ओलसर दगड आणि वर कुठंतरी कावळे. मोठ्या वस्तूला आकार नसतो, आकार फक्त हातात मावणाऱ्या वस्तूंना असतो, असं त्याच्या मनानं कधीच ठरवून टाकलं होतं. इवातोमारूचाही तो असाच काहीतरी अंदाज करायचा: चाकं, पायऱ्या, एक मोठा भोंगा.

त्याचा कान्जीमामा खेळण्यांच्या कारखान्यात जस्ताच्या ओतकामावर होता. एका सुट्टीत मामा आला आणि भाच्याच्या मांडीवर काहीतरी जड टाकून म्हणाला, "घे. बाद मालातला आहे. रंगात गडबड झालीय. तुला काय रंगाचं?"

पोरानं हात लावला. गार. खाली दोन चौकोनी ठोकळे, ते पाय निघाले. पोटऱ्या. गुडघे, आणि ते वाकत होते. कंबर. रुंद छाती. दोन मुठी, प्रत्येक बोट वेगळं. मग वर शिंग, शिंगाखाली कपाळ, आणि मग तो किंचाळलाच.

"मामा! याला नाक आहे!"

"मग? माणसासारखाच आहे की तो."

"हाच? टीव्हीतला?"

"हाच."

पोरानं एक हात पायांवर आणि एक शिंगावर ठेवला. एवढी अजस्र गोष्ट, आणि ती दोन्ही टोकांनी एकाच वेळी त्याच्या हातात आली होती. डोळसांचं बरं असतं, लांब गेलं की त्यांचा डोंगर आपोआप लहान होतो. त्याच्यासाठी आजवर काहीही लहान झालं नव्हतं. त्यानं हात वर केला, म्हणजे इवातोमारूचा. खांद्यात टणक खटके होते. टक्, टक्, टक्. प्रत्येक खटक्याला हात थांबे आणि तिथंच राही. टीव्हीतला राक्षस हात उगारायचा तेव्हा असाच आवाज यायचा. पोरगं त्या दिवशी जेवायला उठलं नाही.

पुढं तो अंगमर्दनाच्या शाळेत शिकायला गेला, तेव्हा आईनं इवातोमारू शेजारच्या पोराला देऊन टाकला. "एवढा घोडा झालास, खेळणी कशाला?" म्हणाली. ती चुकीचं बोलली असं नाही. पण पहिल्या कमाईपासून नागिरा इवातोमारूला शोधत होता.

मधल्या काळात कंपनीनं इवातोमारू नव्यानं काढला. नागिरानं पहिल्याच दिवशी घेतला, आणि घरी जाऊन ओठ आवळून बसला. शिंगाचं टोक पोरांना लागू नये म्हणून बोथट केलेलं. अंगात धातू कमी, प्लास्टिक जास्त. आणि खांदा लोण्यासारखा फिरायचा, कुठंही थांबायचा, खटका असा कुठंच नाही. "सज्जन झालाय," तो सात्सुएबाईंना म्हणाला. "फार सज्जन झालाय बिचारा."

एका शरदात, मंगळवार नसताना, सात्सुएबाईंचा फोन आला. "मास्तर, येऊन जा. आणि आधी बसून घ्या."

वाकायामाच्या डोंगरात एक खेळण्यांचं दुकान म्हाताऱ्या मालकाबरोबर संपलं होतं. मुलीनं सगळा माल विकायला काढला. अगदी वरच्या फळीवर, पतंगांच्या गठ्ठ्यामागं, एक खोकं निघालं. पहिल्या सालचा इवातोमारू. वरची चिकटपट्टी कारखान्यात लावली तशीच, न कापलेली.

नागिरानं खोकं दोन्ही हातांत घेतलं.

"नख लावू नका," सात्सुएबाई म्हणाल्या. "आणि हलवलंत तर हात तोडीन."

त्यानं खोकं हलवलं नाही. अंगठा हळूच कडेवरून नेला. पुठ्ठ्याचे कोपरे अजून टोकदार होते. आतलं वजन खाली, पायांत होतं.

"केवढ्याला?"

त्यांनी आकडा सांगितला. नागिरानं खोकं अलगद काउंटरवर ठेवलं. ती त्याच्या दवाखान्याची वर्षाची कमाई होती.

"उघडा असता तर तुमच्या ऐपतीतला होता," सात्सुएबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या.

"मग उघडा की!"

"आणि माझी ऐपत कोण बघणार?"

दोघं हसले, पण नागिराचं हसू आधी संपलं.

खोकं गेलं डॉक्टर मिकुनींकडे. हे दातांचे डॉक्टर, चाळिशीतले, हळू बोलणारे. त्यांच्या घरी काचेच्या कपाटांची अख्खी भिंत होती आणि तिच्यात फक्त सीलबंद खोकी. ते पैसे द्यायला आले, तेव्हा नागिरा योगायोगानं दुकानात होता. खोकं गुंडाळलं जात असतानाचा कागदाचा आवाज तो ऐकत राहिला. मग उठून वाकला आणि म्हणाला, "चांगला सांभाळा, डॉक्टर. त्याचा खांदा फार सुंदर असतो."

डॉक्टर खोकं घेऊन निघाले. पण ते वाक्य त्यांच्याबरोबर घरी गेलं असावं.

कारण थंडी सरता सरता डॉक्टर मिकुनी तामात्सुकुरीच्या दवाखान्यात खाटेवर पालथे पडले होते, आणि नागिराचे अंगठे त्यांच्या मानेत रुतले होते. मान कसली, फळी होती.

"दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून ही अशी होते," नागिरा म्हणाला. "पण एवढी नाही. झोप लागते का?"

"नाही."

"धंद्याची काळजी?"

"नाही हो." डॉक्टर उशीत तोंड खुपसून बोलत होते. "तुम्ही हसाल. त्या इवातोमारूची."

नागिराचे अंगठे थांबले.

डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं, की जुन्या जस्ताच्या ओतीव मालात भेसळ राहिली असेल, तर तो वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, तडकतो, आणि शेवटी त्याचा भुगा होतो. बाहेरून पुठ्ठा चकचकीत आणि आत मूठभर राख. एका माणसानं म्हणे मोठ्या हौसेनं असं खोकं उघडलं आणि आत फक्त शिंग शिल्लक होतं.

"रोज घरी गेलो की कपाटापुढं उभा राहतो," डॉक्टर म्हणाले. "आत तो आहे की नाही, हेच मला माहीत नाही. मी नक्की काय विकत घेतलंय, हेच माहीत नाही. आज बरोबर आणलंय. तुम्ही जरा हातात घेऊन सांगाल?"

पिशवीतून खोकं निघालं. नागिरानं हात धुतले, पुसले, आणि खोकं घेतलं. कान लावला. बराच वेळ तसाच बसला. शेजारच्या खाटेवरचा गिऱ्हाईक म्हातारा घोरायचा थांबून ऐकू लागला.

"नाही कळत," नागिरा शेवटी म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला तरी..."

"मला दिसत नाही, डॉक्टर. म्हणून भिंतीपलीकडचं दिसतं असं नाही. आत वजन आहे. ते उभं आहे की पडलंय, ते देव जाणे."

डॉक्टर उठून बसले. मग म्हणाले, "तो हातात कसा लागतो?"

"असं सांगून कसं कळणार? द्या इकडं." नागिरानं डॉक्टरांचाच हात धरला, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यांचा दंड हळूहळू वर नेला. मध्ये मध्ये थांबवत, जिभेनं टक्, टक् करत. "इथं थांबतो. ढकलल्याशिवाय पुढं जायचा नाही. मग इथं. प्रत्येक ठिकाणी त्यानं काहीतरी ठरवलंय असं वाटतं. आणि हा, हा शेवटचा. इथं तो मूठ आकाशाकडं करतो. इथून तुम्ही त्याला कितीही हलवा, हात पडणार नाही."

डॉक्टर मिकुनी हात वर करून खाटेवर बसून राहिले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आता शपथ घ्या!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

डॉक्टर हसले नाहीत. "भिंतभर रोबो आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "एकाचाही हात मी वर केलेला नाही."

त्यांनी खोकं उघडायचं ठरवून पुढच्याच रविवारी नागिराला आणि सात्सुएबाईंना आपल्या दवाखान्यात बोलावलं. सात्सुएबाई काळे कपडे घालून आल्या. "मयताला जावंच लागतं," म्हणाल्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या रोग्याच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या हातून चुकून कळ दाबली गेली आणि खुर्ची त्यांना घेऊन मागं मागं आडवी होऊ लागली. "अहो, अहो! दात नाही काढायचा!" त्या ओरडल्या. नागिराला त्यांचा आवाज खाली खाली जाताना ऐकू आला.

"अजून वेळ आहे, डॉक्टर," खुर्ची सरळ झाल्यावर सात्सुएबाई म्हणाल्या. "ही पट्टी कापलीत की निम्म्याहून जास्त किंमत त्याच क्षणी हवेत. मीसुद्धा त्या भावानं परत घेणार नाही."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले.

बारीक पातं पट्टीवरून गेलं. इतका छोटा आवाज. मग पुठ्ठ्याची जीभ वर उचलली गेली आणि आतून एक हवा बाहेर आली. यंत्रातलं तेल, रंग, नवा थर्माकोल. नागिराला एकदम मामाच्या कपड्यांचा वास आला. तोच. कारखाना मोडून तिथं आता इमारती झाल्या होत्या, मामा जाऊन किती काळ लोटला होता, आणि त्या कारखान्याची मूठभर हवा या खोक्यात तशीच बसून होती.

"तुम्ही काढा," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा आहे."

"माझे हात कापताहेत, नागिरासान. माझे. रोज लोकांच्या दाढांत सुई घालणारे."

नागिरानं बोटं आत घातली. थर्माकोलच्या खाचेत आधी लागलं ते शिंग. आख्खं. टोक इतकं तीक्ष्ण, की अंगठ्याला टोचलं, आणि तो मनात म्हणाला, टोच बाबा, टोच. मग कपाळ, नाक, छाती. भुगा नव्हता. तडा नव्हता. गार, घट्ट, जड. त्यानं त्याला उचलून तळहातावर उभं केलं, आणि इवातोमारू उभा राहिला. टेकला नाही, उभा राहिला.

"आहे," नागिरा म्हणाला. "आहे, सगळा आहे."

त्यानं रोबो डॉक्टरांच्या हातात दिला. मग आवाज आला. टक्. बराच वेळ काही नाही. टक्. टक्. डॉक्टर एकेक खटका असा घेत होते, जसं कुणी पहिल्यांदाच जिना चढतंय. शेवटच्या खटक्यावर त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"मला द्या बघू," सात्सुएबाई म्हणाल्या, आणि मग रोबो काही त्यांच्याकडून परत येईना. टक् टक् टक् चालूच.

"बाई, मयत झालं का तुमचं?" नागिरानं विचारलं.

"गप बसा."

रोबो पुन्हा नागिराकडे आला, तेव्हा त्यानं पायांपासून नव्यानं चाचपायला सुरुवात केली. पोटऱ्या, गुडघे, सगळं बोटांना आठवत होतं तसंच होतं. छातीवर आडवी जाणारी बारीक रेघही होती. लहानपणी तो तिला बंडीची शिवण समजायचा. पण इथं त्या रेघेच्या टोकाला एक खाच होती, नखापुरती. त्याच्या लहानपणीच्या रोबोला ती नव्हती. त्यावर त्या जागी धातूचा एक थेंब सांडून गोठला होता, गुळगुळीत.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"तो दरवाजा. छाती उघडते ना त्याची. जुन्या माहितीपत्रकात लिहिलंय. आत काय आहे, ते मात्र लिहिलेलं नाही. तुमचा उघडत नव्हता?"

नागिरानं त्या खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. मामा म्हणाला होता, रंगात गडबड. रंगात कसली? दरवाजाच ओतताना बंद झाला होता, म्हणून बाद. आंधळ्या भाच्याला हे का सांगायचं, असं मामाला वाटलं असेल. किंवा मामालाही माहीत नसेल.

त्यानं खाचेत नख घातलं. छाती उघडली. बिजागरी केसाएवढी, तरी कुरकुरली नाही. आत एक पोकळी होती, आणि पोकळीत काहीतरी होतं. त्याचं बोट आत जाईना. करंगळीही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू फार मोठी म्हणून नव्हे, तर फार लहान म्हणून त्याच्या हातातून निसटत होती.

"थांबा," तो म्हणाला. खिशातून त्यानं आपल्या सुयांची डबी काढली.

"ओरखडा पडेल!" सात्सुएबाई ओरडल्या.

"माणसाच्या डोळ्याच्या कडेला मी सुई टोचतो, बाई. त्याला कळतसुद्धा नाही."

त्यानं सगळ्यांत बारीक सुई चिमटीत धरली आणि पोकळीत उतरवली. सुईच्या टोकाला काय लागलंय, ते चिमटीत कळायला त्याची उमर गेली होती. कातडी, स्नायू, हाड, सगळं वेगवेगळं बोलतं. आता टोकाला काहीतरी गोल लागलं. गुळगुळीत. त्याच्याखाली लगेच एक आत गेलेली जागा. मग दोन उतार, बाजूबाजूला. मग पुढं आलेले दोन बारीक दांडे, आणि त्या दांड्यांच्या टोकाला आणखी काहीतरी, उभं, वेगळं.

तो पुन्हा वर गेला. गोल. मान. खांदे. हात. हातांत धरलेले दांडे. खाली दोन टेंगळं, म्हणजे गुडघे. बसलेले.

"माणूस आहे," नागिरा म्हणाला.

"काय?"

"आत माणूस बसलाय. दोन्ही हातांत काहीतरी धरलंय त्यानं. चालवतोय. आणि..." सुई अगदी हळू फिरली. "मान वर केलीय त्यानं. वर बघतोय."

डॉक्टरांनी दातांसाठीचं भिंग डोळ्यांवर चढवलं आणि दिवा खाली ओढला. त्यांचा श्वास नागिराच्या मनगटावर लागत होता.

"तांदळाच्या दाण्याएवढा आहे," अखेर ते पुटपुटले. "लाल शिरस्त्राण. पिवळे हातमोजे. आणि नागिरासान, त्याला डोळे आहेत. दोन्ही. रंगवलेत कुणीतरी."

"दाखवा," सात्सुएबाई म्हणाल्या. भिंग त्यांच्याकडे गेलं. "खोक्यावर हे छापलेलंही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दरवाजा लावला की दिसणार नाही. उघडला तरी पोराच्या डोळ्यांना दिसणार नाही. मग कुणासाठी रंगवले हो?"

नागिराच्या मनात मामाचा कारखाना उभा राहिला. कारखान्यात ओळीनं बसलेल्या बायका असतील, समोर ताटभर तांदळाचे दाणे, हातात एका केसाचा कुंचला. दिवसभर डोळे. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक.

पुढं या गोष्टीची निप्पोनबाशीच्या बोळात बरीच चर्चा झाली. डॉक्टरांचं डोकं फिरलं, असं काहीजण म्हणाले. एका गृहस्थानं तर खोक्यासकट उघड्या रोबोचा भाव सांगून त्यांना तोंडावर चिडवलं. डॉक्टरांनी बाकीची खोकी काही उघडली नाहीत, तेवढे ते बदलले नाहीत. पण इवातोमारू कपाटात परत गेला नाही. सात्सुएबाई अजूनही पुठ्ठ्याच्याच भावानं माल विकतात. फक्त एखादं गिऱ्हाईक फारच जाणकारीच्या गप्पा मारू लागलं, की त्या विचारतात, "छाती उघडून बघितलीत का कधी?" आणि तो गोंधळला की खूश होतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी नागिरा घरी आला, तेव्हा त्याची बायको फुसाए स्वयंपाकघरात नूडलच्या रश्शात तळलेल्या टोफूच्या वड्या सोडत होती. तो चपला काढून आत आला, गादीवर बसला, आणि बसूनच राहिला. वाडगा पुढं आला तरी त्यानं काड्या उचलल्या नाहीत.

"अहो," फुसाए म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

"नाही."

"मग? भुगा निघाला ना? मी म्हणतच होते."

"आत माणूस होता."

"कशात?"

"इवातोमारूत. छातीत. एवढासा. बसलेला."

फुसाएला लहानपणापासून स्वच्छ दिसत होतं, आणि तिच्या घरी टीव्हीही होता. तिनं कढईखालचा गॅस बंद केला. "मग त्यात काय? त्याला चालवणारा छातीतच बसायचा की. दर रविवारी पायऱ्या चढून आत जायचा, दरवाजा लावून घ्यायचा. सगळ्या गावाला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं गं. कानानं माहीत होतं."

"मग?"

नागिरानं तिचा हात ओढून घेतला, तळहात वर केला, आणि नखाच्या टोकानं तिच्या तळव्यावर अगदी हलके काहीतरी टेकवलं. एक गोल. खाली दोन उतार. पुढं आलेले दोन हात. फुसाए आधी गुदगुल्या झाल्या म्हणून हसली, मग हसायची थांबली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा केलं. रस्सा निवत चालला होता, आणि ती तळहात तसाच धरून बसली होती.